बाटलीचं झाकण का गळतं: प्रॉडक्ट डिझाइनचे टप्पे सोप्या भाषेत

समजा तुम्हाला पाण्याच्या बाटलीचं झाकण डिझाइन करायचंय. नुसतं झाकण, बाटली आहे तशीच राहणार. ऐकायला अर्ध्या दिवसाचं काम वाटतं, आणि बहुतेक नवीन इंजिनिअर काय करतात तर सरळ कॅड, म्हणजे कम्प्युटरवर ड्रॉइंग करायचं सॉफ्टवेअर, उघडतात, गोल काढतात, आटे पाडतात, संध्याकाळपर्यंत स्क्रीनवर एक देखणं झाकण गोल गोल फिरत असतं. मीपण सुरुवातीची बरीच वर्षं असंच काम केलं. असं झाकण बहुतेक वेळा गळतं, कारण ते काढताना कुणी विचारलेलंच नसतं की बाटलीत गरम पाणी भरणार का, बाटली बॅगेत आडवी पडणार का, उघडणाऱ्याचा दुसरा हात मोकळा असेल का, आणि धुवायला काढलेला वायसर (झाकणाच्या आतली रबरी चकती) परत बसवायचा राहिला तर काय.

डिझाइन प्रोसेस म्हणून पुस्तकात चौकोन आणि बाण दाखवतात ना, ते पाठ करून काही हाती लागत नाही. मला ती प्रोसेस कळली ती एकाच पद्धतीने: प्रत्येक टप्पा ही एका विशिष्ट जातीची चूक स्वस्तात पकडायची जागा आहे. यादीतली चूक खोडरबराने जाते, प्रोटोटाइपमधली, म्हणजे कच्च्या नमुन्यातली, चूक दोन-चार दिवस खाते, मोल्ड म्हणजे प्लॅस्टिकचा साचा बनल्यावर तीच चूक स्टीलमध्ये कोरलेली असते, आणि माल विकल्यावर ती हजारो लोकांच्या बॅगेत पोचलेली असते.

टप्प्यांची नावं प्रत्येकाची वेगळी. गेरहार्ड पाल आणि वोल्फगांग बाइट्झ या दोन जर्मन प्राध्यापकांनी १९७७ मध्ये चार टप्पे मांडले: काम नीट समजून घेणं, कॉन्सेप्ट, मग एम्बॉडिमेंट म्हणजे त्या कॉन्सेप्टला अंग देणं, आणि शेवटी डिटेल. जर्मन इंजिनिअर्सच्या संघटनेची व्हीडीआय २२२१ ही गाइडलाइनही याच वळणाची. ब्रिटनच्या डिझाइन कौन्सिलचा डबल डायमंड तेच वेगळ्या चित्रात सांगतो, आधी पसरायचं मग आवरायचं, एकदा प्रॉब्लेमसाठी आणि एकदा उत्तरासाठी. नाव कुठलंही घ्या, आतलं काम सारखंच आहे.

आधी यादी

सगळ्यात जास्त घाई इथे होते आणि सगळ्यात महाग चुकाही इथल्याच असतात, म्हणून मी इथे जरा थांबतो. "झाकण गळू नये" ही रिक्वायरमेंट नाही, ती इच्छा आहे. "भरलेली बाटली उलटी करून ३० मिनिटं टिश्यू पेपरवर ठेवली तर एकही थेंब दिसू नये" ही रिक्वायरमेंट, कारण ती पास झाली की फेल हे दोन माणसं भांडण न करता ठरवू शकतात. तसंच "सहज उघडावं" याऐवजी फिरवायला जास्तीत जास्त किती टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, लागावा हा आकडा हवा, आणि तो आकडा ठरवताना तुमचे स्वतःचे धडधाकट हात धरू नका, सांधे दुखणारी म्हातारी माणसं आणि लहान मुलं धरा. यादीत दोन रकानेही करा, एक "पाहिजेच" चा आणि एक "जमलं तर बरं" चा, नाहीतर पुढे तडजोड करायची वेळ आली की कशावर पाणी सोडायचं हेच कळत नाही.

आणखी एक गोष्ट, यादीत उत्तर लपवू नका. "बटणाचं झाकण हवं" असं कुणी सांगितलं तर का हवं ते विचारा, मग कळतं की चालता चालता एका हाताने उघडायचंय. एका हाताने उघडणं ही गरज आहे आणि बटण हे तिचं एक उत्तर, आणि उत्तरच यादीत लिहिलं की बाकीची सगळी उत्तरं त्याच दिवशी मेली.

लोकांना विचारून सगळं कळत नाही, याचं कारण जपानी प्राध्यापक नोरिआकी कानो यांनी १९८४ मध्ये छान मांडलं. काही गोष्टी इतक्या गृहीत असतात की त्या असल्याबद्दल कुणी कौतुक करत नाही पण नसल्या की माणूस चिडतो, काही जितक्या जास्त तितक्या बऱ्या, आणि काही अशा की मागितलेल्या नसतात पण मिळाल्या की आनंद होतो. न गळणं ही पहिल्या जातीची गोष्ट. मुलाखतीत लोक रंगाबद्दल बोलतील, हँडलबद्दल बोलतील, "गळू नये" हे बोलणारच नाहीत, कारण ते काय बोलायचं! म्हणून माणसं बाटली वापरतात कशी ते जाऊन बघावं लागतं.

मग लोकांची भाषा आणि आपली मोजमापं जोडायची. यासाठी क्यूएफडी (क्वालिटी फंक्शन डिप्लॉयमेंट) नावाची पद्धत आहे, जपानमध्ये योजी अकाओ यांच्या कामातून आलेली, आणि तिचा तो प्रसिद्ध घराच्या आकाराचा तक्ता, हाऊस ऑफ क्वालिटी, १९७२ मध्ये मित्सुबिशीच्या कोबे शिपयार्डमध्ये वापरला गेला. डावीकडे लोकांच्या अपेक्षा, वर मोजता येणाऱ्या गोष्टी, आणि छपरात कोणती मोजमापं एकमेकांशी भांडतात ते. छोट्या कामाला अख्खा तक्ता भरत बसायची गरज नाही असं माझं मत आहे, पण छप्पर जरूर काढा. आपल्या झाकणात तिथे लगेच दिसतं की वायसर जितका जास्त दाबला तितकं सील चांगलं आणि उघडणं अवघड, म्हणजे खरं भांडण कुठे आहे ते पहिल्याच आठवड्यात समोर आलं.

यादीत जोडाच्या जागाही लिहा, म्हणजे आपला पार्ट दुसऱ्याच्या पार्टला जिथे भेटतो ते. झाकण आपलं, बाटलीची मान दुसऱ्या टीमची, मग मानेचे आटे कुठल्या ड्रॉइंगच्या कुठल्या रिव्हिजनप्रमाणे? १९९९ मध्ये नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर मंगळाजवळ पोचून नष्ट झालं, कारण एका बाजूचं सॉफ्टवेअर आकडे पाउंड-फोर्स सेकंदात देत होतं आणि दुसरी बाजू ते न्यूटन-सेकंद समजून वापरत होती. दोन्ही बाजूंची गणितं आपापल्या जागी चालत होती. घोटाळा मधल्या जोडात होता.

कॉन्सेप्ट: झाकण विसरा, काम बघा

आता लगेच "कुठलं झाकण" यावर जायचं नाही. झाकण कामं काय काय करतं ती क्रियापदांत लिहायची: बंद धरून ठेवणं, पाणी अडवणं, उघडणं, पिताना हवा आत येऊ देणं, धुता येणं, हरवू न देणं. मोठं काम असं फोडलं की कुठला तुकडा खरोखर अवघड आहे ते दिसतं.

राइट बंधूंनी हेच केलं आणि मला त्यांची गोष्ट या विषयात सगळ्यात जास्त आवडते. उडणं म्हणजे उचल, तोल आणि इंजिन अशी तीन कामं, त्यातलं तोल सांभाळणं कुणालाच नीट जमलेलं नाही हे ओळखून त्यांनी १८९९ मध्ये आधी पतंगावर तेच करून बघितलं. १९०१ च्या ग्लायडरला हिशोबापेक्षा खूप कमी उचल मिळाली, तेव्हा आणखी मोठा ग्लायडर बांधायच्या ऐवजी त्यांनी एक लाकडी पेटी, म्हणजे छोटा विंड टनेल, बनवला आणि त्यात सुमारे २०० छोटे छोटे पंख तपासले. १९०२ चा ग्लायडर नीट उडाला, इंजिन त्यानंतर आलं, आणि १७ डिसेंबर १९०३ ला विमान उडालं. ते दोनशे पंख म्हणजे दोनशे प्रश्न, आणि एकाही उत्तरासाठी कुणाला आभाळातून पडावं लागलं नाही.

कामं फोडली की प्रत्येकासमोर पर्याय लिहायचे. हा मॉर्फॉलॉजिकल तक्ता, फ्रिट्झ झ्विकी या खगोलशास्त्रज्ञाने तो वापरात आणला. बंद धरायला आटे, खटका, पाव फेऱ्याचं लॉक किंवा चुंबक असे ४, सीलसाठी चपटा वायसर, ओ-रिंग किंवा झाकणाचीच मऊ कड असे ३, उघडायला फिरवणं, दाबणं, ओढणं असे ३, हवेसाठी वेगळं छिद्र किंवा मोठं तोंड असे २, म्हणजे झाले ७२ जोड. त्यातले निम्मे निरर्थक असतात, पण उरलेल्यात दोन-तीन असे निघतात की जे नुसतं विचार करत बसून सुचले नसते. कल्पना गोळा करताना मी सगळ्यांना आधी गप्प बसून लिहायला लावतो, कारण चर्चेत पहिलं बोलणाऱ्याच्या मागे सगळे जातात. ६-३-५ नावाची पद्धत आहे, ६ जण, प्रत्येकी ३ कल्पना, ५ मिनिटं, मग कागद शेजारच्याकडे, असे ६ फेरे, अर्ध्या तासात १०८ कल्पना.

आणि ते मघाचं भांडण, घट्ट सील विरुद्ध हलकं उघडणं? बहुतेक लोक इथे मधला आकडा काढतात, थोडं घट्ट थोडं सैल, आणि झाकण दोन्हीकडून वाईट होतं. सोव्हिएत इंजिनिअर गेनरिख आल्तशुलर यांनी असंख्य पेटंट अभ्यासून ट्रिझ ही पद्धत बांधली, तिच्यात ४० तत्त्वं आहेत, पण सगळ्याचं मूळ एकच: असा विरोध दिसला की मधोमध तडजोड करू नका, विरोधच मोडा. उदाहरणार्थ वेळेत वेगळं करा, झाकण जवळजवळ पूर्ण फिरेपर्यंत वायसरला स्पर्शच नको, शेवटच्या थोड्या फेऱ्यात दाब यावा. किंवा वायसरची कड आतल्या बाजूला ओठासारखी वळवा, म्हणजे आतला दाब वाढला की तोच दाब ओठाला भिंतीवर रेटतो, तुमच्या बोटांना जोर लावायला नको.

निवड करताना प्यू मॅट्रिक्स वापरा, स्ट्युअर्ट प्यू या ब्रिटिश इंजिनिअरची. एक ओळखीचं झाकण आधार म्हणून धरायचं आणि प्रत्येक कॉन्सेप्ट एकेका निकषावर त्याच्याहून बरा, वाईट की तेवढाच एवढंच लिहायचं. बेरीज करून जिंकलेला जाहीर करायला हा तक्ता नाहीये. यात बघायचं असतं की जो चांगला आहे त्याचं एकच वजा चिन्ह दुसऱ्या कॉन्सेप्टमधली एखादी गोष्ट उचलून पुसता येतं का. आधीच मन बसलेला पर्याय जिंकेपर्यंत लोक निकषांची वजनं हलवत बसतात, ते टाळायला निकष आणि वजनं कॉन्सेप्ट बघायच्या आधीच ठरवून टाका.

अंग देणं

इथे स्केचला मापं, मटेरियल आणि भौतिकशास्त्र लागतं. एक छोटं गणित बघा, कारण गळणाऱ्या झाकणांचं रहस्य बरेचदा इथे असतं. वायसर २ मिमी जाड आहे आणि तो २५ टक्के, म्हणजे ०.५ मिमी दबावा असं ठरवलं. पण तो किती दबणार हे तीन मापांवर अवलंबून आहे आणि प्रत्येकाला ±०.१ मिमी टॉलरन्स, म्हणजे चालणारा फरक, आहे. सगळं एकाच दिशेला चुकलं तर दाब ०.२ पासून ०.८ मिमीपर्यंत, म्हणजे १० ते ४० टक्के. दहाला झाकण पाझरेल, चाळीसला उघडताना हात दुखेल आणि काही महिन्यांत वायसर त्या दबलेल्या आकारातच बसून राहील, परत फुगणारच नाही. सगळं एकाच दिशेला चुकणं तसं दुर्मिळ, स्टॅटिस्टिक्सने धरलं तर एकूण ±०.१७ च्या आसपास येतं, म्हणजे १६ ते ३४ टक्के. टेबलावरचं एक झाकण गळत नाही म्हणून डिझाइन बरोबर असं म्हणता येत नाही ते यासाठी, ते झाकण कदाचित नशिबाने मधोमध आलेलं असतं.

गरम पाण्याचं वेगळंच. बंद बाटलीत वरची हवा तापते, वाफेची भर पडते, दाब वाढतो, आणि बटण दाबलं की पाणी तोंडावर उडतं. उलट गरम असताना बंद करून थंड झाली की आत दाब कमी होतो आणि झाकण चिकटून बसतं. उपाय असा की झाकण सुटायच्या आधी दाब सुटला पाहिजे. गॅसवाल्या पेयाच्या बाटलीच्या आट्यांना उभ्या खाचा असतात त्या नीट बघा, आटे अजून धरून असतानाच गॅसला त्यातून वाट मिळते.

मग बनवणाऱ्याची बाजू. मोल्डमध्ये ओतलेल्या प्लॅस्टिकला भिंतीची जाडी सारखी लागते, नाहीतर जाड जागी खळगा पडतो, आणि उभ्या भिंतींना थोडा उतार लागतो, नाहीतर पार्ट मोल्डमधून सुटत नाही. हे डिझाइन संपल्यावर नाही, आत्ताच मोल्डवाल्याला शेजारी बसवून ठरवायचं. पार्ट कमी करायला जेफ्री बूथरॉइड आणि पीटर ड्यूहर्स्ट यांचे तीन प्रश्न वापरा: हा पार्ट शेजारच्याच्या तुलनेत हलतो का, त्याचं मटेरियल वेगळं असायलाच हवं का, आणि जोडण्या-सोडण्यासाठी तो वेगळा लागतोच का? तिन्हीला "नाही" आलं तर तो शेजारच्यात मिसळता येतो का बघा. बिजागरीची पिन इथेच उडते, कारण पॉलिप्रॉपिलीनची पातळ पट्टी हजारो वेळा वाकूनही तुटत नाही, ती स्वतःच बिजागरी होते. मोल्ड बनवताना एक जुनी अक्कल लक्षात ठेवा, स्टील नंतर खरवडून काढता येतं पण परत भरणं महाकठीण, म्हणून ज्या मापाची खात्री नाही तिथे मोल्डमध्ये स्टील जास्तच ठेवायचं आणि ट्रायलनंतर हळूहळू काढायचं.

याच सुमारास एफएमईए (फेल्युअर मोड अँड इफेक्ट्स अॅनॅलिसिस) करायचा, १९४९ च्या अमेरिकन लष्करी कार्यपद्धतीतून आलेली पद्धत. काय काय बिघडू शकतं याची यादी, प्रत्येकाला परिणाम किती वाईट, किती वेळा होईल आणि आधी पकडता येईल का असे १ ते १० आकडे, आणि तिघांचा गुणाकार. त्या गुणाकारावर आंधळा विश्वास नको. छोटा तुकडा सुटून मुलाच्या घशात अडकणं हे १०×२×३ म्हणजे ६०, आणि बटण कुरकुरणं ४×५×३ म्हणजेही ६०, पण या दोन गोष्टी सारख्या आहेत का? म्हणूनच मोटार उद्योगाच्या २०१९ च्या हँडबुकने हा गुणाकार काढून परिणामाला जास्त महत्त्व देणारी प्राधान्यक्रमाची पद्धत आणली. आपल्या यादीत "वायसर बसवायचा राहिला" ही ओळ हमखास येते, तिच्यावर सूचनेचं स्टिकर हे उत्तर नाही. वायसर नसेल तर झाकण बसणारच नाही असा आकार द्या, पोका-योके म्हणतात ते हेच.

प्रोटोटाइप आणि टेस्ट

प्रोटोटाइप बनवायच्या आधी त्याला विचारायचा प्रश्न एका ओळीत लिहा. हातात कसं बसतं हे विचारायचं तर माती किंवा थर्माकोल चालतं. सील होतं का हे विचारायचं तर साधा थ्रीडी प्रिंट चालणार नाही, कारण त्याच्या थरांमधूनच पाणी झिरपतं आणि तुम्ही चांगलं डिझाइन उगाच फेकून द्याल. जेम्स डायसन यांनी पहिल्या बॅगलेस व्हॅक्यूम क्लीनरसाठी ५,१२७ प्रोटोटाइप केले, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची ही त्यांची शिस्त होती. दोन बदलल्या की सुधारणा कशामुळे झाली ते कळत नाही.

टेस्टचा तुकडा खऱ्या मालासारखाच हवा, याचं मला माहीत असलेलं सगळ्यात वेदनादायी उदाहरण म्हणजे कॉमेट, पहिलं प्रवासी जेट विमान. १९५४ मध्ये जानेवारी आणि एप्रिलमध्ये दोन विमानं हवेत फुटली. फटीगची, म्हणजे पुन्हा पुन्हा ताण देऊन धातू कधी तडकतो ते बघायची, टेस्ट आधी झालेली होती आणि तिच्यात ढाचा भरपूर टिकला होता. पण ज्या ढाच्यावर ती केली त्यालाच आधी ताकदीच्या टेस्टमध्ये खूप जास्त दाब दिला गेला होता, त्यामुळे जिथे ताण एकवटतो तिथला धातू थोडा ताणून बसला आणि तो ढाचा खऱ्या विमानांपेक्षा जास्त टिकाऊ झाला. नंतर इंग्लंडमधल्या फार्नबरोला अख्खं विमान पाण्याच्या टाकीत ठेवून पुन्हा पुन्हा दाब दिला तेव्हा चीर दिसली.

व्हेरिफिकेशन आणि व्हॅलिडेशन यातही गल्लत नको. यादीतले आकडे पाळले का हे पहिलं, आणि त्या यादीमुळे माणसाचं काम झालं का हे दुसरं. झाकण उलटं ठेवून अर्धा तास गळलं नाही, १०,००० वेळा उघडून बंद केलं तरी चालतंय, व्हेरिफिकेशन पास. तरी साबणाच्या ओल्या हातांनी ते उघडत नसेल तर व्हॅलिडेशन फेल, आणि चूक ड्रॉइंगमध्ये नाही, यादीत आहे.

डिटेल, आणि नंतरचे बदल

डिटेल टप्प्यात फायनल ड्रॉइंग, टॉलरन्स, मटेरियलचा ग्रेड, पार्टची यादी, तपासणी कशी करायची ते सगळं येतं. कंटाळवाणं वाटतं पण खरा धोका असतो तो इथून पुढे होणाऱ्या "छोट्या" बदलांत. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीतल्या हयात रीजन्सी हॉटेलमध्ये दोन लटकते पूल एकाखाली एक होते, मूळ डिझाइनमध्ये दोन्ही एकाच लांब सळईवर. बनवायला सोपं जावं म्हणून एकाऐवजी दोन सळया केल्या, वरची छतापासून वरच्या पुलापर्यंत आणि दुसरी वरच्या पुलापासून खालच्या पुलापर्यंत. एका दोराला दोन माणसं वरखाली लटकली आहेत असं समजा, प्रत्येकाने दोर आपापला धरलाय. आता खालच्याने दोर सोडून वरच्याचे पाय धरले, तर दोरावरचं वजन तेवढंच पण वरच्याच्या हातावर दुप्पट. तसंच वरच्या पुलाच्या नटावर भार दुप्पट झाला, त्या जोडाचा हिशोब पुन्हा कुणी केला नाही, आणि १७ जुलै १९८१ ला पूल कोसळून ११४ माणसं गेली. म्हणून ड्रॉइंगवरचा प्रत्येक बदल, अगदी झाकणावरची गोलाई अर्ध्या मिलिमीटरने कमी करणंसुद्धा, कुणी सुचवला, का, आणि कुठला हिशोब परत केला हे लिहून मगच पुढे जायचं.

मग पायलट लॉट, थोडा माल खऱ्या मोल्डवर, खऱ्या कामगारांकडून. त्यात जे निघतं ते दुरुस्त करून मोठी बॅच. आणि परत आलेली झाकणं कचऱ्यात टाकू नका, एका टेबलावर ओळीने मांडा, एकेक उघडा. आमच्याकडे एकदा अशी झाकणं आली की सील उत्तम, खटका उत्तम, फक्त वायसरच्या खाचेत काळी बुरशी, कारण खाच इतकी अरुंद होती की बोटही जात नव्हतं आणि ब्रशही. "धुता यावं" असं यादीत होतं, कशाने ते नव्हतं. पुढच्या यादीत आम्ही लिहिलं: वायसर हत्याराशिवाय निघावा, आणि खाचेच्या तळाला साध्या दात घासायच्या ब्रशचे केस टेकावेत.